हलगीच्या बरोबरीचा आवाज: सोलापूरच्या मिरवणुकीतील ॲम्प्लिफायरचा इतिहास

वाद्यवृंदात वाजवण्यासाठी ॲम्प्लिफायर किती मोठ्या आवाजाचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. परंतु ज्या शहरात सामुदायिक वादन सभागृहापेक्षा रस्त्यावर अधिक वाढले, तिथे हाच प्रश्न वाद्यमेळाच्या रचनेचा, वादकांच्या प्रतिष्ठेचा आणि अखेरीस कायद्याचाही होतो. सोलापूर हे असे शहर आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, गणेशोत्सव, नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव, शिवजयंती आणि आंबेडकर जयंती अशा मिरवणुकांची इथे वर्षभर रांग असते, आणि यांतील प्रत्येक मिरवणूक वाद्याच्या आधाराने चालते. ॲम्प्लिफायर म्हणजे तारेतून किंवा मायक्रोफोनमधून येणाऱ्या क्षीण विद्युत्-संकेताची शक्ती वाढवून तो कर्ण्याला किंवा स्पीकरला पुरवणारे यंत्र. हे यंत्र मिरवणुकीत आले तेव्हा त्याची निवड वाद्यमेळातल्याच चर्मवाद्याशी ताडून होत असे. पुढे ती समोरच्या मंडळाच्या यंत्राशी ताडून होऊ लागली, आणि या एका बदलातून वाद्यमेळाचा सारा कायापालट घडला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

यंत्रापूर्वीच्या काळात आवाजाचे माप हलगी हेच होते. गोल कड्यावर ताणून बसवलेले कातडे, ते तापवून घट्ट करण्यासाठी पेटवलेला जाळ आणि दोन काठ्या, एक आखूड व जाड, दुसरी लांब व बारीक, एवढ्या साधनांवर हलगीचा आवाज उघड्या माळावरही दूरवर पोहोचतो, कारण तिच्या ध्वनीचा मोठा भाग कानाला सर्वांत तीव्रतेने जाणवणाऱ्या वरच्या स्वरपट्ट्यात असतो. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजेच सिद्धेश्वरांच्या, आख्यायिकेशी जोडलेल्या गड्डा यात्रेत उंच नंदीध्वज पेलून अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा केली जाते आणि सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. या साऱ्या मार्गक्रमणात वाद्य म्हणजे केवळ शोभा नसते, तर ध्वज पेलणाऱ्यांची आणि गर्दीची चाल त्यावर ठरते. गणेशोत्सवातील लेझीम हे याचेच दुसरे उदाहरण आहे. सोलापूरच्या मंडळांनी लेझीम नेटाने जपली, आणि लेझमीचा मेळ पुरेशा आवाजाशिवाय जमत नाही, कारण शेवटच्या रांगेतल्या खेळाडूला ठेका ऐकू आला नाही तर डाव मोडतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने जातो. म्हणजे ३० मीटर मागे असलेल्या खेळाडूला ठेका जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे अंतर मात्रेच्या जवळजवळ पाचव्या भागाएवढे भरते. वादकांना दोन रांगांच्या मधोमध घेण्याची रीत याच अडचणीवरचा उपाय ठरते. आवाज ‘पुरेसा’ असणे याचा अर्थ इथे नेमका होता: आपल्याच मेळातील सर्वांत दूरच्या माणसापर्यंत ठेका स्पष्ट पोहोचणे.

हलगी वाजवणाऱ्यांचा विचार न करता हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हलगी, सनई, चौघडा ही वाद्ये परंपरेने मातंग, होलार आदी समाजांकडे होती, आणि गावगाड्यात हे वादन कला म्हणून नव्हे तर सेवा म्हणून, जातीने नेमून दिलेले काम म्हणून करून घेतले जाई. ज्यांच्या आवाजावाचून एकही उत्सव पुढे सरकत नसे, त्यांना उत्सवात मानाचे स्थान नव्हते. गणवेश घालून, आगाऊ रक्कम ठरवून, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत ‘सुपारी’ घेऊन वाजवणारी पार्टी उभी राहणे ही म्हणूनच केवळ वाद्ये बदलण्याची गोष्ट नव्हती. बलुत्याच्या जागी करार येण्याची ती गोष्ट होती, आणि पुढे यंत्रावर पैसे खर्च करण्याची वादकांची तयारी समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते.

गणवेशाची ही कल्पना लष्करी बँडमधून आली. ब्रिटिश पलटणींच्या आणि संस्थानिकांच्या बँडचे अनुकरण करीत लग्नाच्या वरातीसाठी वाजवणारे पितळी वाद्यांचे बँड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देशभर पसरले; उत्तर भारतातील मेरठ हे या वाद्यांच्या निर्मितीचे केंद्र झाले आणि तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ पासून या व्यवसायात आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम आणि मोठा ढोल असा हा मेळ स्वतःच्या दमावर रस्ता भरून टाकत असे. ट्रम्पेटला ॲम्प्लिफायर लागत नाही. त्याचा आवाज एक मीटरवर शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. डेसिबल हे ध्वनिपातळीचे माप गुणोत्तराने चढते: दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, मात्र कानाला तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो. नेहमीचे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते.

सोलापूरच्या कानाला मोठ्या आवाजाची सवय एरवीही होती. १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या, आणि त्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस बांधला गेला. पूर्व भागातील विणकरांच्या घरोघरी हातमागाच्या जागी यंत्रमाग आल्यावर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्यांचे तासन्‌तास अशा खडखडाटात जाऊ लागले, की ज्याची पातळी नव्वद डेसिबलच्या वर आणि अनेकदा शंभरीजवळ असते. अशा श्रमकऱ्यांच्या शहरात मिरवणुकीचा आवाज मोठा असणे ही उधळपट्टीची हौस होती असे म्हणून हा विषय निकालात काढता येत नाही. दिवसभर यंत्राचा आवाज सोसणाऱ्यांना वर्षातून काही दिवस आपला आवाज रस्त्यावर ऐकू यावा असे वाटणे स्वाभाविक होते.

गायकाच्या गळ्याच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी होती. लावणीकार राम जोशी याच शहराचे, आणि शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातील बार्शीचे. १९१६ साली जन्मलेल्या अमर शेखांच्या पहाडी आवाजाची ख्याती संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून महाराष्ट्रभर झाली. पण असा गळा हा अपवाद असतो. बोलपटांची गाणी लोकप्रिय झाली आणि वरातीत नुसती धून न वाजता शब्दही ऐकू यावेत अशी मागणी होऊ लागली, तेव्हा पितळी वाद्यांपुढे सामान्य गायकाचा निभाव लागणे शक्य नव्हते. अमेरिकेत १९१५ साली जेन्सन आणि प्रिडहॅम या अभियंत्यांनी कर्ण्यातून हजारोंच्या जमावाला भाषण ऐकवून दाखवले होते. भारतात दिल्लीच्या आहुजा कंपनीने १९४० पासून या क्षेत्रात पाय रोवले आणि पुढे तिचे ॲम्प्लिफायर व कर्णे सभा, जत्रा, मंदिर, मशीद अशा सर्व ठिकाणी दिसू लागले. यांतील अनेक यंत्रे घरगुती विजेवर आणि १२ व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवरही चालतात, आणि मिरवणुकीच्या दृष्टीने हाच गुण सर्वांत मोलाचा ठरला, कारण चालत्या मेळाला भिंतीतली वीज मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर बेंजोचे आगमन झाले. महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात ते वाद्य अमेरिकेतील त्याच नावाच्या गोल पोटाच्या वाद्यापेक्षा सर्वस्वी निराळे आहे. जपानमधील नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी १९१२ साली तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो भारतीय अवतार असून उत्तरेत त्याला बुलबुल तरंग म्हणतात. लांबट पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या असतात, डाव्या हाताने टंकयंत्रासारख्या कळा दाबायच्या आणि उजव्या हातातील पट्टीने तारा छेडायच्या, अशी त्याची रीत आहे. कळांवर बोटे बसली की चित्रपटगीताची धून लवकर साधते, वाद्य स्वस्त असते आणि श्वासाचे श्रम लागत नाहीत, हे त्याचे गुण. दोष एकच, पण घातक: त्याचा मूळ आवाज खोलीच्या बाहेर जात नाही. हलगीशेजारी ते वाजते आहे की नाही हेही कळणार नाही. म्हणजे ट्रम्पेटचा बँड यंत्राशिवाय उभा राहू शकत होता, बेंजो पार्टी मात्र ॲम्प्लिफायर असल्याशिवाय जन्मालाच येऊ शकत नव्हती.

ही अडचण सोडवणारी युक्ती गिटारच्या इतिहासात आधीच सापडली होती. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीने विजेवर चालणारे गिटार बाजारात आणले. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे गुंडाळून ते पोलादी तारांखाली बसवले की तारेच्या कंपनामुळे वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो, आणि याच भागाला पिकअप म्हणतात. बेंजोच्या तारा पोलादीच असल्यामुळे त्याला पिकअप बसवणे सोपे होते. कळांच्या पेटीला पिकअप, पुढे आवाज घुमवणारे एको यंत्र, मग ॲम्प्लिफायर, आणि हातगाडीवर बॅटऱ्या व कर्णे, अशी ही मांडणी मुंबईच्या गिरणगावापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत रूढ झाली. सोबतीला ढोलकी, ढोल, ताशा, साइड ड्रम, खुळखुळे अशी तालवाद्ये असत, आणि ती यंत्राशिवायच वाजत. त्यामुळे ॲम्प्लिफायरची निवड कशाशी ताडून करायची हे आपोआप ठरले: ताशा आणि ढोल जोरात असताना बेंजोची धून वर उठली पाहिजे, एवढेच.

हा हिशेब वॉटच्या आकड्यावर होत नाही, हे अनुभवी पार्टीवाल्यांना पुस्तकाशिवाय उमगले होते आणि ध्वनिशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. वॉट हे ॲम्प्लिफायर किती विद्युत्-शक्ती देऊ शकतो याचे माप आहे. त्या शक्तीचा ध्वनी किती होणार हे स्पीकरच्या संवेदनशीलतेवर, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल देतो यावर ठरते. घरगुती छोटा स्पीकर एका वॉटला ८८ डेसिबलच्या आसपास देतो, गिटारसाठी बनवलेला बारा इंची कागदी शंकूचा स्पीकर ९७ ते १००, आणि पत्र्याचा कर्णा सुमारे १०५ ते ११०. शक्ती दुप्पट केली की केवळ ३ डेसिबल वाढतात आणि दहापट केली की १०. म्हणून ३० वॉटचा ॲम्प्लिफायर कर्ण्यावर १५ डेसिबलची भर घालून १२० च्या पुढे जातो, तर १०० वॉटचा ॲम्प्लिफायर कागदी स्पीकरवर २० डेसिबलची भर घालूनही ११७ ते १२० वरच थांबतो. हलगी किंवा ताशा एक मीटरवर साधारण १०० ते ११० डेसिबलच्या घरात असतो, असे धरले तर तीस-पस्तीस वॉट आणि दोन कर्णे एवढ्यावर जुन्या पार्ट्यांचे कसे भागत होते, याचा उलगडा होतो. कर्ण्याला खालचे स्वर जमत नाहीत, सेकंदाला तीन-चारशे कंपनांच्या खाली तो मुका होतो. परंतु बेंजोची धून मधल्या आणि वरच्या पट्टीत असते आणि खालचा भाग ढोल सांभाळतो, त्यामुळे ही उणीव मेळात बोचत नसे. धातूच्या कर्ण्यातून येणारा तो काहीसा नाकातला, कडक स्वर हीच पुढे बेंजो पार्टीची ओळख झाली, आणि ती ओळख दोष म्हणून टाळण्याजोगी नाही. ती त्या वाद्यमेळाची शैली आहे.

जागेचा प्रश्न याहून नाजूक होता. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनी ६ डेसिबलने उतरतो, म्हणून एक मीटरवरचे १२० डेसिबल १६ मीटरवर ९६ उरतात. बाळीवेस किंवा शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फिरवतात आणि ही घट कमी होते. होम मैदानावर मात्र आवाज परतवणारे काहीच नसते. जो ॲम्प्लिफायर पेठेत कानठळ्या बसवतो तोच मैदानावर अपुरा वाटतो, आणि सोलापूरच्या एकाच मिरवणुकीच्या मार्गात दोन्ही प्रकारच्या जागा येत असल्याने पार्टीचा प्रमुख आवाजाची कळ सतत हाताखाली ठेवत असे.

पाश्चात्त्य जगातील गिटार ॲम्प्लिफायरचा इतिहासही तालवाद्याशीच बांधलेला आहे, हे इथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. लंडनमध्ये १९६२ साली आपला पहिला ॲम्प्लिफायर तयार करणारे जिम मार्शल हे मुळात ड्रमवादक होते आणि त्यांचे दुकानही ड्रमचेच होते. गिर्‍हाईक म्हणून येणाऱ्या तरुण गिटारवादकांना ड्रमच्या बरोबरीने ऐकू जाईल असे यंत्र हवे होते. अवघ्या तीन वर्षांत ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंड यांच्या मागणीवरून ते १०० वॉटपर्यंत पोहोचले. त्या यंत्रांत काचेचे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ताणला की स्वर फाटतो, पण तो क्रमाक्रमाने आणि कानाला भरदार वाटेल असा फाटतो. ट्रान्झिस्टरचा मात्र एकदम तुटतो आणि टोचतो. म्हणून व्हॉल्व्हचे ३० वॉट ट्रान्झिस्टरच्या ६०-७० वॉटइतके मोठे भासतात, आणि ड्रमसह वाजवणाऱ्या गिटारवादकाला व्हॉल्व्हचे १५ ते ३० किंवा ट्रान्झिस्टरचे ५० ते १०० वॉट पुरतात असा संकेत रूढ झाला. खालच्या पट्टीतल्या बेस गिटारला याच्या कितीतरी पट शक्ती लागते, कारण कान मंद्र स्वरांना बोथट असतो.

आयातीवरील निर्बंध आणि जबर जकात यांमुळे अशी यंत्रे १९९१ पूर्वी महाराष्ट्राच्या जिल्ह्याच्या शहरांत सहजासहजी येणे शक्य नव्हते. ऑर्केस्ट्रामधील गिटारवादक सभेसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरवरच काम भागवत आणि रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर त्यात लागेल तो फेरफार करून देई. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात अडचण रस्त्याच्या नेमकी उलटी असते: तिथे गिटारचा ॲम्प्लिफायर मोठा झाला की गायकाचा शब्द बुडतो आणि मायक्रोफोन शीळ घालू लागतो, म्हणून वाद्याचा ॲम्प्लिफायर लहान ठेवून प्रेक्षकांकडे जाणारा आवाज मिक्सरमार्फत वेगळा सोडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

रस्त्यावरच्या वादनाला वळण मिळाले ते खालच्या स्वरांच्या हव्यासाने. की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचा विजेवरचा तालफलक, पार्टीत आले तेव्हा ढोलाचे कामही स्पीकरकडे गेले. कर्ण्याला ते पेलत नसल्यामुळे अठरा इंची स्पीकरची मोठी खोकी, व्यवसायातील ‘बेस’, आणि त्यावर मधल्या-वरच्या स्वरांचे ‘टॉप’ अशी रचना आली, हातगाडीची जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने आणि बॅटरीची जागा जनरेटरने घेतली. ताल आणि धून दोन्ही यंत्रातून येऊ लागल्यावर यंत्राचा आवाज ज्याच्याशी ताडायचा ते चर्मवाद्यच मेळात उरले नाही. मग मोजमाप समोरच्या मंडळाच्या ट्रॉलीशी होऊ लागले, आणि या स्पर्धेचे गणित निर्दय आहे: शेजाऱ्यापेक्षा दुप्पट मोठे ऐकू यायचे तर दहापट शक्ती लागते, आणि शेजाऱ्यानेही तेच केले की दोघे पुन्हा जिथल्या तिथे. या खर्चात वादकांच्या मानधनाला जागा राहिली नाही. ध्वनिमुद्रित गाणी लावणारा एक माणूस दहा-पंधरा वादकांच्या जागी आला, आणि पश्चिम महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था सोलापूरच्या मिरवणुकांतही पसरली. ज्यांच्या हातात हलगी होती, ज्यांनी बेंजोवर पोट चालवले आणि ज्यांनी सेवेचे रूपांतर व्यवसायात केले, त्यांच्या हातून हे काम जाणे ही या बदलाची सर्वांत मोठी किंमत आहे.

दुसरी किंमत कानाची. श्रवणारोग्याच्या प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणे ही सुरक्षिततेची कड मानली जाते आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो जेमतेम पंधरा मिनिटे भरतो. ट्रॉलीपुढे नाचणारे तरुण आणि बंदोबस्तावरचे पोलीस या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे उभे असतात. कर्ण्यापासून दोन पावलांवर चालणारे बेंजोवादकही त्याला अपवाद नव्हते.

रस्त्यावरील वाद्यवादनाला परवाना लावण्याचा पोलिसांचा अधिकार १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातच होता, पण आवाजाला आकड्याची मर्यादा आली ती २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशा पातळ्या ठरल्या. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला उघड्यावर मनाई झाली, आणि पुढे २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात या निर्बंधांना बळ दिले. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीची मनाई ध्वनिक्षेपकापुरती न राहता वाद्यांनाही लागू झाली. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असू नये, असेही हे नियम सांगतात. यंत्राशिवाय वाजणारी एक हलगी एक मीटरवर १०५ डेसिबल देत असेल तर ती ७५ वर येण्यासाठी मोकळ्यावर सुमारे ३२ मीटर अंतर लागते, आणि सोलापूरच्या जुन्या पेठांतील रस्ते इतके रुंद कुठेही नाहीत. त्यामुळे तिथे हा आकडा पाळणे कोणत्याही ॲम्प्लिफायरच्या निवडीने साधणारे नाही. प्रशासनाच्या हाती उरतात ती परवान्यातील वेळ, मिरवणुकीचा मार्ग आणि स्पीकरच्या खोक्यांची संख्या ही साधने.